नवं आउटलुक घ्यावं का? रत्नागिरीच्या एका निर्यात कार्यालयाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत आंबा पल्प आणि काजूगर परदेशी पाठवणारं घरचं कार्यालय, सात-आठ माणसं. सगळीकडे आउटलुक २०१६ किंवा २०१९, कंपनीच्या नावाचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव), मेल पीओपी पद्धतीने ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर उतरतो. विंडोज सारखं ‘नवं आउटलुक वापरून पाहा’ म्हणून मागे लागतं, तुमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो हात लावू नका. एप्रिलात लंडनच्या खरेदीदाराबरोबरची मीटिंग हुकली, ती का हुकली याचा पत्ता नाही. आणि अर्धा दिवस मेल उपसण्यात जातो.

आधी उत्तर, मग कारणं. नवं आउटलुक आज घेऊ नका, पण २०१६-२०१९ वरही बसून राहू नका. मात्र त्याच्याही आधी दोन कामं आहेत. मेल एकेका कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलाय तो सर्व्हरवर न्या, आणि मेलमध्ये लपलेल्या तारखा कॅलेंडरात आणा. ही दोन झाली की कोणतं आउटलुक हा वाद फारसा उरत नाही. न करता नवं सॉफ्टवेअर घेतलंत तर गोंधळ आहे तोच राहील, बटणं तेवढी नव्या जागी दिसतील.

नुसत्या आवृत्त्यांबद्दल आधी उरकून घेतो. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज १० चंही त्याच दिवशी. म्हणजे आउटलुक उघडायचं बंद होत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि ज्या कार्यालयात परदेशी बिलं मेलवर फिरतात तिथे हे चालवून घेण्यासारखं नाही. ऑफिस २०२१ कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर घेऊ नका, त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. एकरकमी घ्यायचंच असेल तर ऑफिस २०२४, त्याला ऑक्टोबर २०२९ पर्यंत आधार आहे. वार्षिक वर्गणीवाल्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये जुन्या घडणीचं आउटलुक, ज्याला ते आता ‘क्लासिक’ म्हणतात, निदान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं कंपनीनेच सांगितलंय. तेव्हा नव्या आउटलुकची घाई कोणालाच नाही.

विंडोजबरोबर फुकट येणारं छोटं ‘मेल’ अ‍ॅप २०२४ च्या डिसेंबरअखेर बंद झालं आणि त्याच्या जागी हे नवं आउटलुक आलं. दिसायला छान आहे, हलकं आहे, पण आतून ते वेबवरचं आउटलुक आहे, खिडकीत बसवलेलं. जुन्या आउटलुकला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअरं, म्हणजे कॉम अ‍ॅड-इन्स, त्यात चालत नाहीत. तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ‘बिल मेल करा’ हे बटण दाबल्यावर आउटलुक उघडत असेल, तर ते बटण नव्यात चालतं का हे एका कॉम्प्युटरवर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आउटलुक कॉम्प्युटरवर ज्यांत मेल साठवतं त्या पीएसटी फाइलींनाही तिथे जुन्यासारखं पूर्ण घर नाही. आणि एक गोष्ट लोक वाचतच नाहीत: दुसऱ्या कंपनीचा मेल आयमॅप पद्धतीने (म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून) नव्या आउटलुकात जोडलात, तर त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते. जोडताना तशी सूचना येते, आपण ‘पुढे’ दाबून मोकळे होतो. यात चोरीमारी नाही, पण खरेदीदाराबरोबर गोपनीयतेचा करार असेल तर हे माहीत असलेलं बरं. चुकून नव्यात गेलाच असाल तर वर उजवीकडचा खटका उलटा फिरवा, जुनं परत मिळतं.

आता मूळ दुखण्याकडे.

पीओपी म्हणजे सर्व्हरवर आलेला मेल उचलून आपल्या कॉम्प्युटरवर आणायचा. जुन्या काळी, मेलबॉक्स चिमूटभर असताना, ते ठीक होतं. आउटलुकमध्ये पीओपी खातं जोडताना ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण असते आणि तिच्याखाली ‘१४ दिवसांनी काढून टाका’ ही दुसरी. दुसरी कोणी पाहत नाही. त्यामुळे दोन आठवड्यांमागचा मेल फक्त त्या एका टेबलावरच्या एका फाइलमध्ये उरतो. शिवाय पीओपी फक्त इनबॉक्स आणतो. तुम्ही मोबाईलवरून पाठवलेलं उत्तर कार्यालयातल्या ‘सेंट’मध्ये दिसत नाही, मग तुमचा सहकारी त्याच खरेदीदाराला तेच उत्तर, कधी वेगळ्या दराचं, पुन्हा पाठवतो. असं तुमच्याकडे घडलं नसेल तर नवल.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी भरलं तेव्हा बाजारपेठेतल्या एका कार्यालयाचा कॉम्प्युटर तळमजल्यावर टेबलाखाली होता. बिलांच्या छापील प्रती बँकेकडून, सीएकडून, एजंटाकडून गोळा करून परत उभ्या राहिल्या. पण बारा-तेरा वर्षांचा पत्रव्यवहार, कोणाला काय दर कबूल केला, कोणाच्या मालाची काय तक्रार होती, हे सगळं त्या पीएसटी फाइलबरोबर चिखलात गेलं. बॅकअप होता, तो त्याच टेबलाच्या खणात. कोकणात पूर, वीज आणि खारी हवा या तिन्हींना हार्ड डिस्क आवडते. त्यामुळे मेल सर्व्हरवर नेणं ही आपल्याकडे चैन म्हणून करायची गोष्ट नाही.

पीएसटीबद्दल एवढंच सांगतो. आउटलुक २०१० पासून तिची नेहमीची कमाल मर्यादा ५० जीबी आहे, पण तिथपर्यंत थांबू नका. त्याच्या खूप आधीच शोध मंदावतो आणि लाईट जाऊन कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की फाइल दुखावते. दुखावलीच तर आउटलुकबरोबरच ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं दुरुस्तीचं साधन येतं; आधी फाइलची प्रत काढा, मग प्रतीवर चालवा. फाइल कार्यालयातल्या सामायिक ड्राइव्हवर ठेवून दोघांनी उघडायची नाही, त्याला मायक्रोसॉफ्टचा आधारच नाही. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठ्याच्या फोल्डरमध्येही नको. विंडोज ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर परस्पर वनड्राइव्हला जोडतं आणि आउटलुकच्या फाइली नेमक्या तिथेच असतात, हे तपासा.

मग कॉम्प्युटरवाला सांगेल, पीओपी काढून आयमॅप करू, झालं काम. अर्धं झालं. आयमॅप मेल सर्व्हरवर ठेवतो, सगळ्या उपकरणांवर सारखा दाखवतो, पण कॅलेंडर आणि संपर्क त्याच्या कक्षेत येतच नाहीत. आउटलुकमध्ये आयमॅप खातं जोडलंत की कॅलेंडरच्या नावापुढे ‘फक्त हा कॉम्प्युटर’ असं लिहिलेलं दिसेल. तुम्ही टाकलेली मीटिंग तुमच्या मोबाईलवर येणार नाही, वडिलांना दिसणार नाही. तुमचा अर्धा प्रश्न कॅलेंडरचाच आहे, म्हणून आयमॅपवर थांबू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल वर्कस्पेस, दोन्हींपैकी एक घ्या. झोहोही आहे आणि चांगलं आहे, पण तुमच्या माणसांचा हात आउटलुकवर बसलाय, म्हणून माझा कौल मायक्रोसॉफ्टच्या व्यवसायासाठीच्या वर्गणीला, आणि वापरायला क्लासिक आउटलुक. फक्त वर्गणी घेताना पाहा: सगळ्यात स्वस्त योजनेत कॉम्प्युटरवर बसवायचं आउटलुक नसतं, वेबवरचं असतं. तीनजणांना वरची आणि बाकीच्यांना खालची योजना असं मिसळून घेता येतं.

त्यातली एक सोय मात्र आवर्जून वापरा: शेअर्ड मेलबॉक्स. ‘एक्स्पोर्ट’, ‘अकाउंट्स’ अशा पत्त्यांसाठी वेगळी वर्गणी लागत नाही, ५० जीबीपर्यंत ते असेच मिळतात, आणि ज्यांना परवानगी द्याल त्यांना ते स्वतःच्या आउटलुकमध्ये खाली दिसतात. खरेदीदाराला कोणा एका माणसाचा पत्ता देऊ नका, हा द्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, मुलगा गोव्याला नोकरीला लागला, की त्यांच्या पत्त्यावर येणारे मेल कोण पाहणार हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी असतो. गूगलकडे हेच काम ग्रुपचा सामायिक इनबॉक्स करतो, थोडं अवघड पद्धतीने.

जुना मेल हलवणं सोपं पण रटाळ आहे. नवं खातं त्याच आउटलुकमध्ये जोडायचं, डाव्या बाजूला जुनी पीएसटी आणि नवं खातं दोन्ही दिसतात, आणि फोल्डर एकातून दुसऱ्यात नकलून घ्यायचे. हलवू नका, नक्कल करा. अख्खा इनबॉक्स एकदम ओढू नका. वर्षावार फोल्डर करून एकेक वर्ष, संध्याकाळी कार्यालय बंद करताना. आपल्याकडे नेट खाली उतरायला बरं असतं, वर चढवायला नाही. सगळं गेल्यावर पीएसटीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन घरी, माळ्यावर. आणि हे काम आंब्याच्या दिवसांत काढू नका. पल्पचं काम उतरलं की जुलैचा महिना बघा, गणपतीच्या आत संपवा.

आता लंडनची मीटिंग. तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीपासून दर मंगळवारी साडेतीनला बोलणं व्हायचं, एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी ते गृहस्थ आलेच नाहीत आणि नंतर त्यांचाच तक्रारीचा मेल आला. ते आले होते. तासभर आधी.

हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि अंतर साडेचार तासांवर येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पहिल्यासारखं. २०२६ साली हे रविवार २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे मार्चपर्यंत आपले दुपारचे साडेतीन, आणि त्यानंतर अडीच. आंब्याचा हंगाम नेमका या बदलावर बसतो, म्हणून निर्यातदारांची ही मीटिंग दरवर्षी कोणाची ना कोणाची तरी हुकते. तुम्ही ती वेळ फोनवर ठरवून डायरीत आणि मोबाईलच्या गजरात लिहिली असणार. कॅलेंडरचं निमंत्रण गेलं असतं तर दोघांच्याही कॅलेंडरात ती एकाच क्षणी दिसली असती, मग घड्याळं काहीही करोत.

पुनरावृत्तीची मीटिंग ज्या टाइम झोनमध्ये बनते त्याच्याशी बांधलेली राहते. तुम्ही आपल्या वेळेने बनवलीत तर मार्चनंतर त्यांच्याकडे ती अकराला सरकेल. लंडनच्या वेळेने बनवलीत तर तुमच्याकडे अडीचला सरकेल. कोणाच्या दिवसाला कमी त्रास होतो ते पाहून ठरवा. आउटलुकमध्ये मीटिंगच्या खिडकीत ‘टाइम झोन्स’ हे बटण आहे, गूगलमध्ये वेळेच्या बाजूला तसा दुवा असतो. शिवाय आउटलुकच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये दुसरा आणि तिसरा टाइम झोन दाखवता येतो. एकाला लंडन, एकाला दुबई नाव द्या, डाव्या कडेला तिन्ही वेळा शेजारी उभ्या राहतात. दुबई आपल्यामागे दीड तास, वर्षभर, तिथे घड्याळ हलत नाही. मात्र आखातातले आठवडे एकसारखे नाहीत: अमिरातींनी २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असं केलं, तर सौदी, कुवेत, ओमान, कतारमध्ये शुक्रवार-शनिवार. मस्कतच्या माणसाला शुक्रवारी मेल पाठवून ‘आज उत्तर द्या’ म्हणण्यात अर्थ नाही.

एक छोटी तपासणी सगळ्या कॉम्प्युटरवर करा. विंडोजच्या घड्याळात चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेला साडेपाच तासांचा झोनच निवडलेला हवा. सेकंडहॅण्ड आणलेल्या मशीनवर भलताच झोन ठेवून कोणीतरी घड्याळ हाताने जुळवलेलं असतं. वेळ बरोबर दिसते आणि प्रत्येक निमंत्रण चुकतं.

कॅलेंडर एकच ठेवू नका. तीन करा: मीटिंग आणि कामाचं तुमचं स्वतःचं, माल रवाना होण्याच्या तारखांचं, सगळ्यांना दिसणारं, आणि तिसरं सुट्ट्या व गैरहजेरीचं. सरकारी मुदती दुसऱ्यात घाला: टीडीएस ७ तारखेला, जीएसटीआर-१ दरमहा भरत असाल तर ११ ला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, जीएसटीआर-३बी २० ला. नोंद मुदतीच्या दिवशी, पण रिमाइंडर तीन दिवस आधीचा. आउटलुक आपणहून १५ मिनिटांचा रिमाइंडर लावतं. जीएसटी भरायला पंधरा मिनिटं पुरली असती तर सीए कशाला लागले असते? मार्चच्या टीडीएसची मुदत ३० एप्रिल असते, तेव्हा त्या एका महिन्याची नोंद उघडून ‘फक्त ही’ निवडून बदला, पूर्ण मालिका नव्हे.

सणांची गंमत अशी की ते ‘दरवर्षी’ लावून चालत नाहीत. गणेश चतुर्थी २०२५ ला २७ ऑगस्टला होती, २०२६ ला १४ सप्टेंबरला आहे. दरवर्षी २७ ऑगस्ट अशी नोंद केलीत तर पुढच्या वर्षी कॅलेंडर आरती करत बसेल आणि मूर्ती अजून मूर्तिकाराच्या शाळेत रंगत असेल. पंचांग हातात आलं की वर्षाच्या सुरुवातीलाच एका बैठकीत सगळ्या तारखा हाताने घाला. गूगल-आउटलुकमधली भारतीय सुट्ट्यांची तयार यादी जोडा, पण ती दिल्लीच्या नजरेची आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्ट्या तिच्यात मिळणार नाहीत आणि शिमगा तर नाहीच नाही. गुहागर-संगमेश्वरकडची तुमची माणसं ‘पालखी घरी येणार’ म्हणून कोणत्या दिवशी जाणार हे गावकी ठरवते, आणि ते जसं कळेल तसं त्यांनीच तिसऱ्या कॅलेंडरात टाकायचं, मोबाईलवरून. त्याच आठवड्यात कंटेनर भरायचा असेल तर तो वाद आधी होऊ दे.

मुंबईहून येणारे ऑडिटर किंवा घरचे असतील त्यांच्यासाठी एक जादा नोंद: रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलंय. १२ सप्टेंबर २०२६ च्या गाडीचं आरक्षण १४ जुलैला सकाळी आठला उघडतं. पावणेआठचा रिमाइंडर लावा. कार्यालयाच्या उत्पादकतेशी याचा संबंध नाही म्हणाल, पण तिकीट न मिळालेला माणूस त्या दिवशी दुसरं काय काम करतो ते पाहिलंय.

गणपतीत पाच दिवस बंद ठेवणार असाल तर स्वयंउत्तर लावा. पीओपीवर ते कॉम्प्युटर आणि आउटलुक चालू असेपर्यंतच जातं. सर्व्हरवरच्या खात्यात कुलूप लावून गेलात तरी जातं. मजकूर दोन ओळींचा, परतायची तारीख आणि तातडीसाठी एक फोन नंबर.

मेल कमी वेळात उरकण्याबद्दल बरंच लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं मोठ्या कंपन्यांसाठी असतं. तुमच्यासारख्या ठिकाणी तीनच गोष्टींनी फरक पडलेला मी पाहिला.

पहिली, तारीख दिसली की मेल कॅलेंडरात. क्लासिक आउटलुकमध्ये मेल माऊसच्या उजव्या बटणाने धरून कॅलेंडरच्या खुणेवर सोडा. ‘अपॉइंटमेंट म्हणून नक्कल, अटॅचमेंटसह’ असा पर्याय येतो. तारीख तेवढी बदलायची. ‘जहाजाचं कटऑफ गुरुवारी दुपारी दोन’ असा एजंटाचा मेल असेल तर त्या नोंदीतच तो मेल बसलेला असतो, गुरुवारी शोधाशोध नाही. जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांच्या यादीत ‘इव्हेंट तयार करा’. आपल्याकडे निम्म्या तारखा व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी निरोपातून येतात, त्यांनाही हाच नियम. ऐकणाऱ्यानेच लगेच नोंद करायची. लक्षात ठेवेन म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दुसरी, क्विक स्टेप्स. आउटलुकच्या ‘होम’ पट्टीवर ती चौकट वर्षानुवर्षं रिकामी पडलेली असते. एक बनवा, नाव ‘एजंटाला’: मेल सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सच्या एजंटाच्या, पत्त्यावर पुढे पाठव, वाचला म्हणून खूण कर, त्या मालाच्या फोल्डरमध्ये हलव. तिला कंट्रोल-शिफ्ट-१ ही कळ द्या. दुसरी ‘हिशेबाला’, कंट्रोल-शिफ्ट-२. दिवसभरात जी कृती पुन्हापुन्हा होते ती पकडा, जास्त बनवू नका, नावं लक्षात राहत नाहीत. याच्या जोडीला सीसीमध्ये आलेले मेल वेगळ्या फोल्डरात टाकणारा एक नियम, आणि फक्त तुम्हालाच लिहिलेला मेल गडद निळ्या अक्षरात दाखवणारं कंडिशनल फॉरमॅटिंग. ते ‘व्ह्यू सेटिंग्ज’मध्ये मिळतं. सकाळी इनबॉक्स उघडल्यावर नजर आधी निळ्यावर जाते. टुंग करून कोपऱ्यात वर येणारी पट्टी मात्र बंद करा, सगळ्यांची.

तिसरी, विषयाची ओळ. बिल क्रमांक, खरेदीदार, काय हवं, केव्हापर्यंत. ‘नमस्कार’ किंवा ‘अर्जंट’ हा विषय नव्हे. जुन्या मेलला उत्तर देत देत नवीन ऑर्डर सुरू करायची सवय मोडा. आणि आलेल्या मेलचा विषय निरुपयोगी असेल तर क्लासिक आउटलुकमध्ये तो मेल उघडून विषयावर टिचकी मारून बदलता येतो, जतन होतो, समोरच्याला कळतही नाही. हे फार थोड्यांना माहीत आहे. मराठीत लिहायचं असेल तर युनिकोडच वापरा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं डोळ्यांना मराठी दिसतात, पण शोधताना कॉम्प्युटरला ती अगम्य असतात. कृषी खात्याची जुनी पत्रं अशी सापडत नाहीत तेव्हा निदान फाइलचं नाव तरी युनिकोडमध्ये द्या.

पाठवलेला मेल मागे घेण्याची सोय आहे असं समजू नका, बाहेरच्या माणसाकडे गेलेला मेल परत येत नाही. त्याऐवजी उशिरा सोडा. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतं. आउटलुकमध्ये नियम करून प्रत्येक मेल दोन मिनिटं आउटबॉक्समध्ये थांबवा. अटॅचमेंट विसरल्याची आठवण पहिल्या मिनिटातच येते.

पावसाळ्यातला नेहमीचा प्रसंग: लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट, आणि आउटबॉक्समध्ये मोठा मेल अडकून मागचे सगळे अडवून बसलेला. ‘सेंड/रिसीव्ह’ पट्टीवरचं ‘वर्क ऑफलाइन’ दाबा, आउटलुक बंद करून उघडा, तो मेल आउटबॉक्समधून ओढून ‘ड्राफ्ट्स’मध्ये टाका, मग ऑफलाइन काढा. बाकीचे सुटतात. मूळ कारण बहुधा स्कॅन असतं. शिपिंग बिल ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करायची गरज नाही, २०० डीपीआय आणि करड्या छटांत ते सुवाच्य येतं. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये घालताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८-१९ एमबीच्या पुढे जाऊ नका. त्याहून मोठ्याची लिंक पाठवा. जीमेल वापरणाऱ्यांनी क्रोममध्ये ऑफलाइनची सोय ३० किंवा ९० दिवसांची चालू करून ठेवावी, नेट नसताना जुना मेल वाचता येतो.

कोपायलट, जेमिनाय वगैरे एआय मदतनीस आता मेलमध्येच बसलेत. लांबलचक साखळीचा सारांश काढायला बरे आहेत. दर, वजन आणि तारीख मात्र मूळ मेलमधूनच उचला. तुमच्या आकाराच्या कार्यालयाने केवळ त्यासाठी महाग योजना घेऊ नये.

वडील मेल छापूनच वाचतात असं तुम्ही लिहिलंय. वाचू देत. सोमवारी सकाळी रवानगीच्या कॅलेंडरचा आठवडा छापून त्यांच्या टेबलावर ठेवा. ‘फाइल’, ‘प्रिंट’, ‘वीकली’. पेनने त्यांनी केलेली दुरुस्ती संध्याकाळी एकाने कॅलेंडरात चढवायची. त्यांना मोबाईलवर अ‍ॅप शिकवण्यापेक्षा हे लवकर जमतं.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. निर्यातदारांच्या मेलमध्ये घुसून बँक खातं बदलल्याचा खोटा मेल खरेदीदाराला पाठवायचा, हा प्रकार नेहमीचा आहे. घुसलेला माणूस बहुतेक वेळा तुमच्या खात्यात एक नियम बसवतो: ‘पेमेंट’ शब्दाचे मेल बाहेर पाठव आणि इथून लपव. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाचे नियम आणि फॉरवर्डिंग उघडून पाहायचं, त्याचीही नोंद कॅलेंडरात. सगळ्या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन. खातं बदलल्याचा कोणताही मेल आला किंवा गेला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा, उद्यावर टाकू नका.

या सगळ्याच्या आधीचं काम उद्या सकाळी करा: तुमचं डोमेन नेमकं कोणाच्या नावावर आहे ते विचारा. पुष्कळ ठिकाणी ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर, त्याच्या मेलवर नोंदलेलं असतं, आणि नूतनीकरणाची सूचना त्याला जाते. ते कंपनीच्या नावावर आणून घ्या, लॉगिन दोघांकडे ठेवा, मुदतीची तारीख महिनाभर आधीच्या रिमाइंडरसह घाला. मेल नव्या सर्व्हरवर नेताना डोमेनच्याच पानावर एमएक्स (मेल कुठे उतरवायचा ते सांगणारी), एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या) या नोंदी बदलाव्या लागतात. शेवटच्या दोन नसतील तर गूगल आणि याहू २०२४ च्या फेब्रुवारीपासून अशा मेलकडे संशयाने पाहतात आणि तुमचं कोटेशन खरेदीदाराच्या स्पॅममध्ये पडतं. ते लॉगिन हातात येईपर्यंत कोणालाही वर्गणीचे पैसे देऊ नका.